कोणापासून किती अंतरावर

माझं पहिलं बटण मी डोळ्यांनी लावलं होतं. म्हणजे ॲपची स्क्रीन मांडायच्या एडिटरच्या कडेच्या यादीतून उचललं, रिकाम्या पांढऱ्या स्क्रीनवर आणून सोडलं, मग थोडं इकडे थोडं तिकडे सरकवत बसले आणि एका क्षणी मधोमध एक निळी तुटक रेघ उमटली आणि बटण टुणकन तिला जाऊन चिकटलं. झालं, मध्यभागी आलं. प्रोग्रॅम चालवला, सिम्युलेटरमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या नकली फोनमध्ये, बघितलं, खरंच मध्यभागी होतं. तो आनंद मला अजून जसाच्या तसा आठवतो, कारण त्याआधी मी जे काही प्रोग्रॅमिंग शिकले होते त्यात काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं यायची आणि तेवढंच, आणि इथे मी हाताने उचलून ठेवलेली वस्तू दोन मिनिटांत स्क्रीनवर होती आणि दाबली की दबत होती.

हे २०१४ च्या सुरुवातीचं. तेव्हाच्या आयफोनची स्क्रीन ३२० पॉइंट रुंद असायची (पॉइंट हे आयफोनच्या स्क्रीनवर अंतर मोजायचं एकक). माझं बटण १०० पॉइंटचं, म्हणजे डावीकडून ११० सोडले की ते बरोबर मधे येतं. त्याच वर्षी सप्टेंबरात ३७५ आणि ४१४ पॉइंट रुंदीचे दोन नवीन फोन आले. सुरुवातीला काही बिघडलं नाही, कारण जुनी ॲप्स त्या फोनवर नुसती ताणून मोठी केलेली दिसायची. पण मी हौसेने नवीन पद्धतीची लाँच स्क्रीन (ॲप उघडताना आधी दिसते ती) जोडली, म्हणजे ॲपने फोनला सांगितलं की मला तुझा खरा आकार चालतो, आणि त्या क्षणी माझं बटण डावीकडे सरकलेलं दिसलं. एका फोनवर साडेसत्तावीस पॉइंट, दुसऱ्यावर सत्तेचाळीस.

खरं तर बटण कुठेच सरकलं नव्हतं. ते ११० वरच होतं. मी मनात 'मध्यभागी' म्हटलं होतं आणि फाइलमध्ये '११०' लिहिलं गेलं होतं, आणि ३२० रुंदीच्या स्क्रीनवर या दोन्हीचा अर्थ एकच असल्यामुळे त्यातला फरक मला कधी कळलाच नव्हता. पुढे दहा-अकरा वर्षं मी स्क्रीन लेआउट करत आलेय, आयफोनचे केले, अँड्रॉइडचे केले, आणि या कामात जे जे शिकले ते सगळं फिरून फिरून या एकाच गोष्टीशी येतं. वस्तू कुठे आहे हे एडिटरमध्ये दिसतं. ती तिथे *का* आहे, कोणामुळे आहे, हे आपल्याला सांगावं लागतं.

त्याच सुमाराला एक्सकोडच्या, म्हणजे आयफोनची ॲप्स बनवायच्या ॲपलच्या साधनाच्या, नव्या आवृत्तीत एक गंमतशीर गोष्ट आली होती. स्टोरीबोर्ड (ॲपच्या स्क्रीन मांडलेली फाइल) उघडला की कॅनव्हासवर, म्हणजे मांडायच्या जागेवर, फोनच्या आकाराची स्क्रीन यायच्या ऐवजी ६०० बाय ६०० चा एक चौकोन यायचा. असा चौकोनी फोन जगात नव्हता. सगळे वैतागले होते, मीही पहिला आठवडा वैतागले, की अरे मला माझा फोन दाखवा ना, हे काय भलतंच. पण मला वाटतं त्या चौकोनाने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्या ट्युटोरियलने शिकवलं नाही, कारण त्यावर डोळ्यांनी काही लावताच यायचं नाही. डोळ्यांनी लावलेली प्रत्येक गोष्ट खऱ्या फोनवर चुकायचीच. मग निमूटपणे सांगावं लागायचं की हे लेबल (स्क्रीनवरचा मजकुराचा तुकडा) वरच्या कडेपासून २० खाली, हे चित्र लेबलाच्या खाली ८, हे बटण आडव्या मध्यावर. २०१६ मध्ये तो चौकोन गेला आणि खाली फोन निवडायची पट्टी आली, जी नक्कीच सोयीची आहे आणि मी रोज वापरते, पण नवीन शिकणाऱ्यांना तो चौकोन भेटत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही हाताने उचलून ठेवायची कल्पना कुणाची, हे मी बऱ्याच उशिरा शोधलं. ज्याँ-मारी युलो नावाचे फ्रेंच संगणकशास्त्रज्ञ होते. फ्रान्सच्या इन्रिया या संशोधन संस्थेत असताना त्यांनी ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मॅकिंटॉशसाठी लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेत एक साधन बनवलं, ज्यात खिडक्या आणि बटणं माउसने मांडता यायची. ते स्टीव्ह जॉब्सना दाखवलं गेलं, युलो जॉब्स यांच्या नेक्स्ट कंपनीत आले आणि १९८८ मध्ये नेक्स्टच्या मशीनबरोबर इंटरफेस बिल्डर बाहेर आला, एक्सकोडमधला एडिटर हा त्याचाच वंशज. १९९० मध्ये टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या युरोपातल्या संशोधन संस्थेत जगातला पहिला वेब ब्राउझर लिहिला तो नेक्स्टवरच, याच साधनांनी. युलो २०१९ मध्ये गेले. इंटरफेस बिल्डरच्या फाइलींना अजून निब म्हणतात, त्यातलं 'एन' नेक्स्टचं.

मला त्यातली जी गोष्ट फार आवडते ती अशी, की त्या फाइलमध्ये 'बटण तयार कर' असा कोड नसतो. बटण ही एक जिवंत वस्तू आहे असं धरून तिला आहे त्या अवस्थेत बांधून फाइलमध्ये ठेवून देतात, आणि ॲप चालू झालं की ती गाठोडी सोडतात. म्हणून त्या क्षणी चालणाऱ्या मेथडचं (कोडच्या तुकड्याचं) नाव 'अवेक फ्रॉम निब', निबमधून जागं होणं. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या शब्दापाशी थांबले होते. आणि ती रेघ! कंट्रोल की दाबून बटणापासून कोडपर्यंत ओढायची ती निळी रेघ, सोडली की विचारते नाव काय ठेवू, आणि त्या रेघेने चित्र आणि काम एकमेकांना बांधलं जातं. मी आजवर शेकडो वेळा ओढली असेल, तरी सोडताना अजून बरं वाटतं.

पण जागं झाल्यावर जागा किती मिळणार हे आयफोनच्या सुरुवातीच्या काळात जवळपास ठरलेलं असायचं. २००७ पासून २०१२ पर्यंत आयफोनला ३२० बाय ४८० पॉइंट, बास. मोजून ठेवलं तरी चालायचं. मग २०१२ ला उंची ५६८ झाली, मग २०१४ चं मी वर सांगितलंच, मग २०१७ ला वर खाच असलेला फोन आला आणि खाली बोटाने ओढायच्या पट्टीसाठी ३४ पॉइंट सोडावे लागायला लागले. अँड्रॉइडवाल्यांना हा धडा जवळपास सुरुवातीपासून होता, तिथे कोण कुठल्या आकाराचा फोन आणेल याचा नेम नाही, म्हणून पिक्सेलऐवजी डीपी धरायचे, १६० डीपी म्हणजे साधारण एक इंच असा हिशोब, म्हणजे दाट स्क्रीन असो वा विरळ, बटण बोटाला सारखंच मोठं लागतं. पण डीपीने आकार सुटला, जागेचा प्रश्न तसाच राहिला.

जागेचं उत्तर म्हणजे कन्स्ट्रेंट. मराठीत बंधन म्हणता येईल पण आम्ही सगळे कन्स्ट्रेंटच म्हणतो. एक कन्स्ट्रेंट म्हणजे एक साधं समीकरण असतं, या वस्तूची डावी कड बरोबर त्या वस्तूची उजवी कड अधिक बारा. एवढंच. अशी पुरेशी समीकरणं दिली की प्रत्येक वस्तूची जागा आणि आकार, म्हणजे आडवं ठिकाण, उभं ठिकाण, रुंदी आणि उंची हे चार आकडे, मशीन स्वतः सोडवून काढतं. कमी दिली तर एडिटर म्हणतो मला कळत नाहीये, जास्त आणि एकमेकांविरुद्ध दिली तर म्हणतो दोन्ही खरं कसं करू, आणि दोन्ही वेळा रेघा लाल होतात. ही कल्पनाही जुनी आहे, १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलंड यांनी स्केचपॅड बनवलं त्यात प्रकाशाच्या पेनाने वेड्यावाकड्या रेघा काढून सांगता यायचं की या दोन समांतर आहेत, आणि रेघा आपोआप समांतर व्हायच्या. मग १९९७ मध्ये ॲलन बॉर्निंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅसोवरी नावाचा अल्गोरिदम मांडला (कॅसोवरी हा शहामृगासारखा एक मोठा, न उडणारा पक्षी आहे), जो अशी समीकरणं आणि 'जमलं तर' प्रकारच्या इच्छासुद्धा भराभर सोडवतो. २०११ ला मॅकवर आणि २०१२ ला आयफोनवर ऑटो लेआउट, म्हणजे ॲपलची कन्स्ट्रेंटची पद्धत, आलं ते त्याच्यावर, आणि अँड्रॉइडचं कन्स्ट्रेंटलेआउट २०१६ मध्ये जाहीर झालं तेही त्याच्यावरच. दोन्हीकडचे एडिटर वेगळे दिसतात, पण आतला हिशोब एकाच घराण्यातला आहे.

त्यातला 'जमलं तर' हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. तो समजला की लेआउट समजलं आणि तो नाही समजला तर माणूस वर्षानुवर्षं आकडे बदलत बसतो. म्हणून एक ओळ जरा जवळून दाखवते.

चॅट ॲपमधली यादी डोळ्यांसमोर आणा. त्यातली एक ओळ. डावीकडे गोल फोटो, ४० बाय ४०. त्याच्या शेजारी नाव. अगदी उजवीकडे वेळ, शेवटचा मेसेज कधी आला ती. तीनच वस्तू. मागच्या वर्षी आमच्या टीममध्ये एक नवीन मुलगा आला, त्याला मी पहिलं काम हेच दिलं कारण मला वाटलं तासाभराचं काम आहे. त्याने फोटो कडेपासून १६ वर ठेवला, नाव फोटोपासून १२ वर, वेळ उजव्या कडेपासून १६ वर, आणि नाव आणि वेळ यांच्यात ८ चं अंतर. सगळं बरोबर. आणि एडिटर लाल.

"ताई, मी सगळी अंतरं दिलीयेत," तो म्हणाला. "एक पण सुटलेलं नाही. तरी का रडतोय हा?"

मी त्याच्या शेजारी खुर्ची ओढली. म्हटलं, बघ, नाव आहे दोन अक्षरांचं, वेळ आहे पाच अक्षरांची, आणि ओळ आहे एवढी रुंद. मधे जागा उरणार. तू म्हणतोस मधे फक्त ८ च सोडायचे. मग बाकीची उरलेली जागा कोणी घ्यायची? नावाने पसरायचं की वेळेने?

तो बघत राहिला. म्हणाला, "नावानेच ना, सरळ आहे."

तुला सरळ आहे, म्हटलं, पण तू हे सांगितलंस कुठे?

लेबलाला दोन स्वभाव असतात. एकाला म्हणतात हगिंग, म्हणजे आपल्या मजकुराला किती घट्ट मिठी मारून बसायचं, जास्तीची जागा मिळाली तरी पसरायचं नाही. दुसऱ्याला म्हणतात कम्प्रेशन रेझिस्टन्स, म्हणजे जागा कमी पडली आणि दाबायला लागले तर किती विरोध करायचा. दोन्हीला आकडे असतात, १००० म्हणजे काही झालं तरी, त्याखाली म्हणजे जमेल तितकं. इंटरफेस बिल्डरमध्ये नवीन लेबल टाकलं की त्याची मिठी २५१ ची आणि विरोध ७५० चा असतो. नावाचंही तेच, वेळेचंही तेच. दोघं सारखेच हट्टी. मग मशीनने कोणाचं ऐकायचं? ते लाल होणं म्हणजे त्याने केलेला प्रामाणिक प्रश्न होता.

त्याने नावाची मिठी २५० केली. एकाने कमी. लाल गेलं, नाव मोकळं पसरलं, वेळ आपल्या मजकुराएवढीच उजव्या कोपऱ्यात बसली. खूश झाला. मग मी त्याच्या कीबोर्डवरून नावाच्या जागी एक लांबलचक नाव टाइप केलं, पहिलं नाव, मधलं नाव, आडनाव, पुढे कंसात 'जुना नंबर', जसं लोक खरंच सेव्ह करतात. जागा संपली आणि आता प्रश्न उलटा झाला, दोघांपैकी कोणी आकसायचं, विरोध तर दोघांचा ७५०. माझं म्हणणं, लांब नाव शेवटी तुटलं तरी माणूस ओळखू येतो, पण वेळ तुटून '१०:' एवढंच उरलं तर त्याचा उपयोग शून्य. म्हणून वेळेचा विरोध ७५१. एकाने जास्त. नाव टिंबांमध्ये संपलं, वेळ जागची हलली नाही.

दोन आकडे, प्रत्येकी एकाचा फरक. त्या दिवशी बाकीचा वेळ तो मुलगा तीच ओळ पुन्हा पुन्हा लांब-आखूड नावं टाकून बघत बसला होता, आणि मला ते बघून फार समाधान वाटलं, कारण हे सगळं पुस्तकात वाचून कळत नाही, ते असं रुंदी ओढून, मजकूर भरून, समोर आकसताना पसरताना बघावं लागतं. व्हिज्युअल एडिटरचा खरा उपयोग मला इथे वाटतो. वस्तू माउसने उचलता येतात ही सोय झाली. पण जो निर्णय आपण न सांगता गृहीत धरला होता तो लाल रेघेने आपल्यापुढे आणून ठेवणं, हे मोठं काम आहे.

आता जी गोष्ट सांगते ती माझ्या हातून झालेली चूक आहे आणि ती मला अजून लागते.

एका अँड्रॉइड ॲपमध्ये फॉर्म भरायची स्क्रीन मी केली होती. शेवटी खाली पूर्ण रुंदीचं निळं बटण, त्यावर 'माहिती तपासून पुढे जा'. बटणाची उंची मी ४८ डीपी दिली होती, कारण बोटाने नीट दाबता यावं म्हणून निदान ४८ डीपी हवेत हे अँड्रॉइडच्या मार्गदर्शक सूचनांमध्येच आहे, आणि मी ते मनापासून पाळत होते. एडिटरमध्ये सुंदर दिसत होतं. टीममधल्या सगळ्यांच्या फोनवर सुंदर दिसत होतं. मग ते ॲप आईने घेतलं.

तिचा फोन आला. "अगं, सगळं भरलं मी. आता काय करू?"

"खाली बटण आहे बघ निळं, ते दाब."

"त्यावर 'माहिती तपासून' एवढंच लिहिलंय. तपासली की मी दोनदा. पुढे काय?"

मला काही कळेना. संध्याकाळी घरी गेल्यावर तिचा फोन हातात घेतला. तिने अक्षरं मोठी करून ठेवली आहेत, सेटिंगमध्ये जेवढी होतात तेवढी. त्या आकारात माझं वाक्य एका ओळीत मावत नव्हतं, म्हणून त्याच्या दोन ओळी झाल्या होत्या. पहिल्या ओळीत 'माहिती तपासून'. दुसरी ओळ ४८ डीपीच्या खालच्या कडेला कापली गेली होती आणि 'पुढे जा' ची फक्त शिरोरेषा दिसत होती, निळ्यावर एक पांढरी बारीक रेघ. ती तिला सजावटीची वाटली होती.

आई त्या बटणाकडे बघत होती, वाक्य पुरं व्हायची वाट बघत होती. मला त्या रात्री झोप लागली नाही हे मी वाढवून सांगत नाहीये. कारण ४८ हा नियम मी पाळला होता, आकडा बरोबर होता, आणि तरी मी पुन्हा तेच केलं होतं, 'निदान एवढं' असं मनात म्हणून फाइलमध्ये 'एवढंच' लिहिलं होतं. दुरुस्ती पाच मिनिटांची निघाली. उंची मजकुराएवढी, आणि किमान उंची ४८ डीपी. बास. अक्षरं मोठी झाली की बटण उंच होईल, लहान असली तरी ४८ च्या खाली जाणार नाही. आणि बटण उंच झालं की वरचा फॉर्म मावणार नाही म्हणून सगळं स्क्रोलमध्ये टाकलं, हे मी आधीच करायला हवं होतं.

अक्षरं मोठी करणारे थोडेच असतात असं म्हणणारे लोक मला भेटतात. आयफोनवर नेहमीचा मजकूर १७ पॉइंटचा असतो आणि ॲक्सेसिबिलिटीतल्या सगळ्यात मोठ्या पायरीवर तोच ५३ चा होतो, तिप्पट आणि वर थोडं. २०२३ मध्ये आलेल्या अँड्रॉइड १४ पासून तिथेही अक्षर दोनशे टक्क्यांपर्यंत वाढवता येतं. एवढ्या पायऱ्या कोणीतरी विचार करून ठेवल्या आहेत, कारण त्या पायऱ्यांवर माणसं उभी आहेत. आणि आपल्या लिपीचं तर आणखी एक आहे, तिला वर वेलांट्या-मात्रा आणि खाली उकार, जोडाक्षरांचे पाय. डिझाइन इंग्रजी मजकुरावर तयार झालेलं असतं, कोणीतरी लेबलाच्या वरखालची फॉन्टची मोकळी जागा 'नीट दिसत नाही' म्हणून काढून टाकतं, आणि देवनागरीत आल्यावर 'र्की' चा रफार आणि 'द्धू' चा उकार कापला जातो. मी आता डिझाइन हातात आलं की पहिल्यांदा हेच बघते.

तेव्हापासून कॅनव्हासवर मी नमुन्याचा मजकूर बदलला. एडिटरमध्ये सगळ्यांच्या लेबलात 'नाव' असतं, 'शीर्षक' असतं, दोन-तीन अक्षरं, सुबक. त्या सुबक मजकुरावर कुठलंही लेआउट चांगलंच दिसतं. अँड्रॉइड स्टुडिओत (अँड्रॉइड ॲप्स बनवायचं साधन) 'टूल्स' ने सुरू होणारे गुणधर्म लिहिता येतात जे फक्त एडिटरमध्ये दिसतात आणि खऱ्या ॲपमध्ये जात नाहीत, तर मी तिथे मुद्दाम सगळ्यात लांब नाव लिहिते, एका ओळीत रिकामं नाव, एका ठिकाणी तीन ओळींचा पत्ता. स्क्रीन कुरूप दिसते. कोणी मागून जाताना विचारतं हे काय केलंयस. पण त्या कुरूप कॅनव्हासवर जे लेआउट उभं राहतं ते नंतर कुठेही पडत नाही असा माझा अनुभव आहे, आणि हे मी प्रत्येक नवीन माणसाला आग्रहाने सांगते.

आता तो नेहमीचा वाद, की व्हिज्युअल एडिटर कशाला, सरळ कोडमध्ये लिहा. मी दोन्ही बाजूंनी काम केलंय आणि कोडवाल्यांचं म्हणणं बरंचसं खरं आहे. एका मोठ्या स्टोरीबोर्डमध्ये आम्ही दोघी एकाच दिवशी काम करत होतो, वेगवेगळ्या स्क्रीनवर, आणि संध्याकाळी गिटने (कोडमधले बदल जपणारं, एकत्र करणारं साधन) मर्ज कॉन्फ्लिक्ट दिला, म्हणजे दोघींचे बदल मला जुळवता येत नाहीत असं सांगितलं. उघडून बघितलं तर हजारो ओळींचं एक्सएमएल आणि प्रत्येक वस्तूला बीवायझेड-३८-टीझिरोआर असली तीन तुकड्यांची नावं, त्यात कुठली ओळ तिची आणि कुठली माझी हे माणसाने वाचून सांगणं अशक्य. शेवटी तिचं ठेवलं आणि माझं दिवसभराचं काम मी पुन्हा केलं. नंतर आम्ही एक स्क्रीन एक फाइल असा नियम केला आणि तो त्रास जवळपास संपला, पण हा नियम आम्हाला ठेच लागल्यावर सुचला.

मग २०१९ ला ॲपलचं स्विफ्टयूआय आलं, २०२१ ला अँड्रॉइडचं जेटपॅक कंपोझ वापरायला तयार झालं, दोन्हीत स्क्रीन कोडमध्येच लिहायची, आणि आता माझंही निम्म्याहून जास्त काम त्यात होतं. त्यात नातं थेट शब्दात लिहितो आपण, हे आणि हे एका ओळीत, मधली जागा हा खाईल. मला ते आवडतं. पण शेजारी प्रीव्ह्यू उघडा असतोच ना? अंधाऱ्या रंगात, मोठ्या अक्षरात, छोट्या फोनवर, चार-चार प्रीव्ह्यू एकाशेजारी एक, आणि आकडा बदलला की चारही हलतात. बघितल्याशिवाय कोणी लेआउट करत नाही. डिझायनर ज्यात स्क्रीनची चित्रं काढतात त्या फिग्मामध्येसुद्धा २०१९ च्या शेवटी ऑटो लेआउट आलं, आता ते लोकही चौकोन नुसते मांडत नाहीत, कोण पसरणार आणि कोण मजकुराएवढा राहणार हे सांगतात, आणि त्यामुळे त्यांच्याशी बोलणं किती सोपं झालंय. आधी माझ्या हातात फक्त चित्र यायचं, आणि त्यातून मी नाती ओळखायची.

तरी शिकवताना मी अजून रेघा ओढूनच सुरुवात करते. कोडमध्ये लिहिलेलं नातं चुकीचं असलं तरी वाक्य म्हणून वाचायला बरोबर वाटतं. कॅनव्हासवर तेच नातं एक रेघ असते, ती या कडेपासून त्या कडेपर्यंत जाते, दोन टोकं दिसतात, आणि 'अरे हे तर भलत्यालाच बांधलंय' हे डोळ्यांना आधी कळतं. ज्याने अशा शे-दोनशे रेघा ओढल्या, तो पुढे कोडमध्ये लिहिताना मनात त्या रेघा बघतो, असं माझं मत आहे.

परवा ती चॅटची ओळ पुन्हा उघडावी लागली. ॲप अरबीत न्यायचं ठरलंय, म्हणजे सगळं उजवीकडून डावीकडे. प्रीव्ह्यूमध्ये दिशा उलटी केली. फोटो उजवीकडे गेला, नाव त्याच्या शेजारी बसलं, वेळ डाव्या कोपऱ्यात. फक्त न वाचलेल्या मेसेजचा तो छोटा निळा ठिपका, जो नंतर कोणीतरी फोटोच्या कोपऱ्यावर लावला होता, तो एकटाच स्क्रीनच्या पार डाव्या बाजूला, वेळेच्या अंगावर जाऊन बसला होता.

त्या मुलाला बोलावलं. त्याने ठिपक्यावर क्लिक केलं, रेघ बघितली, आणि माझ्या आधी त्यालाच दिसलं. ठिपका फोटोला बांधलेलाच नव्हता. तो स्क्रीनच्या डाव्या कडेपासून ४६ वर होता. १६ अधिक ४० वजा १०, फोटोचा कोपरा नेमका तिथे यायचा म्हणून इतके दिवस शोभून दिसत होता.

"हे लावलं कोणी?" तो म्हणाला, आणि मग स्वतःच जुना कमिट (गिटमधली बदलाची नोंद) उघडून बघितला. त्याचाच होता, त्या पहिल्या आठवड्यातला. काही न बोलता त्याने ती रेघ काढून टाकली, कंट्रोल दाबून ठिपक्यापासून फोटोपर्यंत नवीन ओढली, डावी-उजवी कड न निवडता ट्रेलिंग निवडली, म्हणजे वाचायची ओळ जिकडे संपते ती कड. ठिपका उडी मारून फोटोच्या कोपऱ्यावर आला. त्याने दिशा पुन्हा सुलटी केली, पुन्हा उलटी केली. मग अक्षरं सगळ्यात मोठी करून बघायला लागला, ते मी सांगितलं नव्हतं.